फॉर्मच दिसत नव्हता, गड्या

ता. समुद्रपूर, जि. वर्धा
तान्हा पोळा

प्रिय दोस्ता,

फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस अन् अर्धं विसरतोस, म्हणून लिहूनच धाडतो. आज पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा मागत फिरून राहिली. काम बंद, निवांत आहे.

उन्हाळ्यात तू आपल्या हळदीची वेबसाइट करून दिली तेव्हा म्हणाला होतास, गिऱ्हाइकांचे अभिप्राय चालू कर. केले. साइटवरचं दुकान ज्यावर चालते त्या वूकॉमर्समध्ये 'माल घेतला त्यालाच लिहिता येईल' अशी एक टिक होती, तीही मारली. म्हटलं, कोणी उपटसुंभ येऊन काहीबाही लिहायला नको. मग दीड महिना एक अक्षर नाही! आई म्हणे, "भाजी चांगली झाली तं कोणी बोलते काय? मीठ कमी पडलं का मंग बोलते."

शेवटी नागपूरच्या एका ताईंचा फोन. "भाऊ, लिहू कुठं? जागाच नाही." खरंच नव्हती. ती टिक असली की लॉगिन केलेल्यालाच फॉर्म दिसतो, अन् आपलं गिऱ्हाईक खातं न उघडताच ऑर्डर टाकते. कडी आतून आपणच लावलेली. आता ती टिक काढली. नुसती 'खरा खरेदीदार' ही पट्टी ठेवली. ऑर्डरच्या वेळचाच ईमेल टाकला की ती आपोआप लागते. उपटसुंभांचं म्हणशील, तर मी मंजूर केल्याशिवाय काही दिसत नाही.

अन् पहिलाच अभिप्राय आला दोन ताऱ्यांचा. 'रंग केशरी, भेसळ वाटते.' बचत गटातल्या बाया तापल्या, काढून टाक म्हणे. वायगावची हळद आहे बाप्पा, 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली; हळदीला रंग देणारं कुरकुमिन जास्त, म्हणून रंग गडद. आईचं वेगळंच. "त्याले म्हणा चुना लाव, लाल झाली का अस्सल." पण चुन्यानं तर भेसळीतली हळदही लाल होते, ते कसं लिहू? रंगाचं तेवढं खाली लिहिलं. दोन तारे तसेच आहेत.

दुसरा मात्र जिव्हारी लागला. 'पिशवी उसवली, पार्सलमध्ये हळदच हळद.' त्यानं फोटोही धाडला. लाइन कमी दाबाची असली की सीलिंग मशीन नीट तापत नाही. वरून चिकटल्यासारखं वाटते, बोटानं ओढलं की सुटते. हे कोणी लिहिलं नसतं तर आम्ही तसाच माल धाडत राहिलो असतो. आता दुहेरी पिशवी, अन् प्रत्येक सील ओढून पाहतो.

चुलतभाऊ म्हणतो, दहा-वीस चांगले आपणच लिहून टाकू. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विकणाऱ्यानं ग्राहक बनून अभिप्राय लिहायला मनाई आहे, हे दाखवलं तेव्हा गप्प बसला. खरं सांगू, तो दीड महिना माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

एक अडलं आहे. हिंगणघाटच्या एका आजीनं व्हॉट्सॲपवर चार मिनिटांचं बोलणं धाडलं. तीन मिनिटं गुडघेदुखी, मग म्हणे, "हळद लय चांगली हाय, बावा, दुधात टाकली का वास सुटते." तिला लिहिता येत नाही, ईमेल नाही. तिच्या परवानगीनं साइटवर तिचा आवाजच लावता येईल का, ते पाहून कळव. तारे किती, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

तुझा,
हळदवाला