अपघातानंतर लघवी थांबते तेव्हा...

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली माणसं आमच्याकडे येतात. कमरेचं हाड मोडलेलं, ओटीपोट फुगलेलं. सोबतचे सांगतात, "सिस्टर, अजून लघवीच झाली नाही."

साहेब, इथेच पुढचं सगळं ठरतं. लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसला तर मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो. तिथे जोर लावून नळी सारली की अर्धवट फाटलेला मार्ग पुरता तुटायची भीती असते. अशा वेळी ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी टाकावी लागते. पण मूत्राशयच फुटलं असेल तर लघवी पोटात झिरपत असते. आणि रक्त खूप गेलं असेल तर मूत्रपिंड लघवी तयारच करत नाही. तिन्हींत लघवी बाहेर येताना दिसत नाही, उपचार मात्र वेगळे. रक्तस्राव सुरू असताना 'लघवी सुटावी' म्हणून लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध दिलं तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

हे ओळखायला सोनोग्राफीची मोठी मदत होते. आमच्याकडे मशीन आहे, पण ते चालवणारे डॉक्टर ठरल्या दिवशीच येतात. अपघात वार बघून होत नाहीत. मग रुग्ण जिल्ह्याला रेफर होतो. चिठ्ठीवर बीपी, नाडी असते. लघवी किती झाली, नळी घालून पाहिली का, यातलं काहीच नसतं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी. तो आकडा चिठ्ठीवर असला तर पुढच्या डॉक्टरांना अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.

म्हणून मागणी एवढीच: महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पोटातून टाकायच्या नळीचा संच ठेवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती टाकण्याचं आणि तातडीच्या सोनोग्राफीचं प्रशिक्षण द्या, रेफर चिठ्ठीत लघवीचा रकाना सक्तीचा करा.

आणखी एक. केंद्राच्या 2025 च्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्तावर दीड लाखापर्यंत उपचार होतात, पण सातच दिवस. तुटलेल्या मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया बहुधा तीन महिन्यांनी करतात. तोवर तो तरुण पोटाला नळी लावून घरी बसतो, मजुरी बुडते. त्या तीन महिन्यांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च राज्याने उचलावा, आणि या हंगामाआधी तसा आदेश निघावा, ही विनंती.

आपली,
एक अधिपरिचारिका