नव्ह शापेलमध्ये खडकी पण होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावात पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढलेल्या भारतीय सैनिकांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण त्यात शीख आले, गढवाली आले आणि खडकीचं नाव पण नाही! म्हणून लिहायला बसलो. मी खडकीतच वाढलो, बॉम्बे सॅपर्सच्या (म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर पलटणीच्या) भिंतीकडेने रोज शाळेत जायचो, तरी मला हे पन्नाशीनंतर कळलं, त्यामुळे एकट्या लेखकाला काय बोलणार.

झालं असं की 1914 च्या ऑक्टोबरात ते गाव जर्मनांनी घेतलं. आपली फौज मार्सेयच्या बंदरात उतरून जेमतेम महिना झालेला, कित्येकांच्या अंगावर उन्हाळी खाकी, आणि थंडी तिकडची. 28 ऑक्टोबरला 47 शीख पलटणीच्या जोडीला खडकीच्या सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबर कंपन्या पाठवल्या. आता सॅपर म्हणजे खंदक खणणार, पूल बांधणार, तारांची कुंपणं घालणार, पण हाताशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनाच संगिनी लावून पायदळासारखं पुढे काढलं. घराघरात शिरून हातघाई झाली, गावात घुसले पण, मागून कुमक आलीच नाही, माघारी यावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे गोरे ऑफिसर त्या एका दिवसात मेले नाहीतर जखमी झाले, शिपायांचं तर विचारूच नका.

मार्च 1915 ची मोठी लढाई तुमच्या लेखात आहेच. 35 मिनिटं तोफा, गाव सकाळीच हातात, आणि मग फोनच्या तारा तुटल्या, निरोप उशिरा, गोळे संपत आले, तीन दिवसांत सगळं थांबलं. पण ऑक्टोबर कुणाला आठवत नाही, कारण त्यात जिंकलो नाही ना!

गावाबाहेर 1927 सालचं भारतीय स्मारक आहे, ज्यांना थडगं किंवा चिता काहीच मिळालं नाही अशा 4,700 हून जास्त जणांची नावं तिथे कोरलीत. देव एक आहे, विजय त्याचाच, असं इंग्रजी, अरबी, हिंदी, गुरुमुखीत लिहिलंय.

आपल्याकडे मराठा पलटणी म्हटलं की मेसोपोटेमिया (आजचा इराक) आठवतो, ते बरोबरच आहे, बहुतेक तिकडेच गेल्या, त्यामुळे फ्रान्स आपला वाटत नाही. गढवालात मात्र तिथेच पडलेल्या गबर सिंग नेगींच्या नावाने चंबाला दरवर्षी जत्रा भरते. जत्रा नको हो, पण येत्या 28 ऑक्टोबरला पुणे आवृत्तीत चार ओळी टाका, आतल्या पानावर चालतील.

आपला,
एक वाचक, खडकी