वजन उतरवायच्या स्पर्धा आधी बंद करा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत कॉलेजच्या मुलींसाठी झटपट बारीक व्हायच्या टिप्स आल्या होत्या, त्यावरून लिहितेय. मी मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे कोणाच्या ताटात काय उरतं आणि रात्री दोनला कुठल्या खोलीत रॅपर कुरकुरतात हे दोन्ही मला माहीत असतं.

मागे आमच्या कॉलेजात फिटनेस चॅलेंज झालं. कॉरिडॉरमध्ये वजनकाटा, दर सोमवारी रांग आणि बोर्डावर प्रत्येकीच्या नावापुढे किती किलो उतरले ते. हेतू चांगलाच होता, मुलींची वजनं वाढतायत हे काही खोटं नाही. पहिली आली तिला स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. तिची पाळी चार महिने आलीच नव्हती हे मला नंतर कळलं, तेही तिच्या रूममेटकडून. जेवण झालं की ती बाथरूममध्ये जाऊन नळ जोरात सोडायची. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे होते, घशात बोटं घालताना दात लागून लागून पडलेले, आणि मी समजत होते कपडे धुऊन धुऊन झाले असतील!

लोकांना वाटतं लठ्ठपणा वेगळा आणि न खाणं, खाऊन उलट्या काढणं वेगळं. मी बघते तर दोन्ही बऱ्याचदा एकाच दारातून आत येतात, ते म्हणजे कडक डाएट. सकाळी काही नाही, दुपारी दोन घास, मग रात्री शरीर सगळं वसूल करतं, हाताला येईल ते पोटात, मग लाज वाटते, मग दुसऱ्या दिवशी अजून कडक. यात कोणाचं वजन वाढतं, कोणाचं उतरतं, आणि बऱ्याच जणींचं जागच्या जागीच राहतं म्हणून घरच्यांनाही पत्ता लागत नाही. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम इतकं उतरू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, दात झिजतात ते वेगळंच.

आणि मनाचा निग्रह नाही म्हणून पोरींना बोलू नका. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे साधारण निम्म्या जेवणावर ठेवलं होतं, तर ते पुरुष दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे, आणि नंतर भरपूर मिळालं तेव्हा काही जण पोट तट्ट फुगलं तरी भुकेलेच. हा प्रयोग करणारे अँसेल कीज, आणि गंमत बघा, १९७२ मध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) हे नाव रूढ केलं तेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच. आता त्याच आकड्यापायी पोरी उपाशी राहतायत.

करण्यासारखं बरंच आहे. एरिक स्टाइस या मानसशास्त्रज्ञाचा बॉडी प्रोजेक्ट नावाचा कार्यक्रम आहे, त्यात लेक्चर नसतं, मुलीच गोल करून बसतात आणि बारीक म्हणजेच सुंदर या कल्पनेविरुद्ध स्वतः बोलतात, लिहितात. आपल्याच तोंडून बोललेलं मनात जास्त मुरतं, दुसऱ्याने सांगितलेलं नाही. कॉलेजच्या मुलींवर तो करून बघितलाय आणि उपयोग होतो. बाकी साध्या गोष्टी, मेसची वेळ लेक्चरच्या वेळेवर येऊ देऊ नका, परीक्षेत जागरणं कमी करा, काउन्सेलरची खोली प्रिन्सिपलच्या केबिनसमोर ठेवू नका (कोण जाणार तिथे?), आणि पाळी चुकली तर 'टेन्शन असेल' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्ही त्या टिप्स छापताना डॉक्टरांना दाखवता का हेपण एकदा कळवा.

कॉरिडॉरमधला काटा मी उचलून माझ्या ऑफिसात कपाटात ठेवलाय, हवा तिने किल्ली मागावी. पहिले काही दिवस रोज कोणीतरी यायची, गेल्या महिन्यात दोघीच आल्या.

आपली,
एक रेक्टर