पेन स्टेशनचा पितळी कठडा

ती. आण्णा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर बोलताना हे राहूनच जातं, म्हणून आज निवांत टाईप करायला बसलेय. आण्णा, हे तुमच्यासाठीच आहे, पण आईनं शेवटचं ट्रंकेचं तेवढं नक्की वाचावं.

मी ऑफिसला जाताना न्यूयॉर्कला ज्या पेन स्टेशनात उतरते ते नुसतं तळघर आहे, छत बुटकं, गर्दी तर विचारूच नका, आणि डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन, म्हणजे खेळांचं मोठं स्टेडियम. पण याच जागी १९१० साली पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीनं स्टेशन बांधलेलं ते केवढं, बाहेरनं गुलाबी ग्रॅनाईटचे ८४ खांब, आत वेटिंग रूमची उंची जवळजवळ १५० फूट, रोमच्या जुन्या स्नानगृहांवरनं घेतलेली, आणि पुढं लोखंड आणि काचेचा हॉल, गाड्या त्याच्याखाली. त्याआधी या कंपनीच्या गाड्या नदीपलीकडं न्यू जर्सीतच थांबायच्या, पुढं हडसन नदी बोटीनं. नदीखालनं बोगदे काढले तेव्हा कुठं गाडी थेट शहरात आली.

मग विमानं आली, मोटारी आल्या, कंपनी तोट्यात गेली आणि वरची जागा विकून टाकली. आर्किटेक्ट लोक १९६२ मध्ये स्टेशन पाडू नका म्हणून बोर्ड घेऊन दारात उभे राहिले तरी ऑक्टोबर १९६३ ला पाडायला सुरुवात झालीच. पाडायच्या आधी, १९६२ लाच, सरकारी नोंदीसाठी सर्विन रॉबिन्सन यांनी फोटो काढले ते लायब्ररी ऑफ काँग्रेसकडं आहेत, फुकट बघता येतात, मी रात्री बघत बसते. एवढ्या भव्य वेटिंग रूमच्या मधोमध १९५६ ला तिकीट खिडक्यांवर नवीन छत टाकलेलं, पांढरं, लग्नातल्या मांडवासारखं. ते बघून मला लई वाईट वाटलं, म्हणजे पाडायच्या आधीच जीव काढून घेतलेला.

दगडातले गरुड होते २२, एकेक अडीच टनाचा. त्यातले दोन अजून सातव्या ॲव्हेन्यूवर स्टेशनबाहेर बसलेत, चार फिलाडेल्फियाच्या पुलावर, बाकीचे कुठं कुठं वाटले गेले. बराचसा मलबा न्यू जर्सीतल्या सीकॉकसच्या दलदलीत टाकला, आणि माझी गाडी येते-जाते ती त्याच भागातनं.

पण मला सगळ्यात आवडतो तो जिना. प्लॅटफॉर्मवर उतरायचे काही जुने जिने तसेच राहिलेत, जाड पितळी कठडा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, खाली ओतीव लोखंडाच्या चौकटी. लोक घाईत त्यालाच धरून उतरतात, कुणी बघत पण नाही. मी मात्र मुद्दाम त्याच जिन्यानं जाते.

हे स्टेशन गेल्यावर शहराला जाग आली आणि १९६५ ला जुन्या वास्तू वाचवायचा कायदा झाला, ग्रँड सेंट्रल स्टेशन त्याच कायद्यामुळं वाचलं.

आता आण्णा, मिरजेचं. १९२७ ला बार्शी लाईट मिरजेपर्यंत आली, पंढरीची माणसं त्या नॅरो गेजनं जायची, पुढं मीटर, ब्रॉड आणि नॅरो, तिन्ही गेज म्हणजे तिन्ही रुंदीचे रूळ एकाच जंक्शनात होते, अशी जंक्शनं किती असतील? ते सगळं तुम्ही इंजिनांच्या शेडमध्ये कामाला असताना बघितलंय. आपल्या सांगलीत तर रेल्वे गावातनं बाहेर गेली आणि मागं नुसतं स्टेशन चौक एवढं नाव राहिलं.

म्हणून सांगते, माळ्यावरच्या ट्रंकेत तुमचे शेडमधले फोटो, पुठ्ठ्याची तिकिटं आणि हातातला कंदील आहे, त्यातलं काही म्हणजे काही भंगारवाल्याला द्यायचं नाही. आई, तू दिवाळीच्या साफसफाईत कंदील काढायचा म्हणत होतीस, तो राहू दे. आणि आण्णा, प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहा, कोण उभं आहे, कुठलं इंजिन, साल आठवत असेल तर साल. बॉलपेन नको, शाई पुढं उमटते. बाळूला सांगून स्कॅन करून घ्या, पैसे मी लावते, आणि पहिला तो पाठवा ज्यात तुम्ही इंजिनाच्या पायरीवर उभे आहात.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा.

तुमची,
मंजू