राजवाड्यापासून चालत सात मिनिटं

नाशिक
१९ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन हॉटेल बुकिंग विभाग

विषय : इंदूरमधल्या हॉटेलचं ठिकाण नकाशावर चुकीचं दाखवल्याबद्दल, आणि त्याबद्दलची १५ डिसेंबरची तक्रार न सोडवताच बंद केल्याबद्दल.

महोदय / महोदया,

१२ ते १४ डिसेंबर २०२५ या दोन रात्रींसाठी मी आपल्या ॲपवरून इंदूरला तीन खोल्या घेतल्या. पैसे आगाऊ भरले, एकूण २२,४२३ रुपये. हॉटेल राजवाड्यापासून ५५० मीटरवर, चालत सात मिनिटं, असं आपल्या पानावर लिहिलेलं होतं आणि नकाशावरची पिनही राजवाड्यासमोरच होती. प्रत्यक्षात हॉटेल निघालं देवास नाक्याच्या बाजूला, राजवाड्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर. तक्रार एवढीच. पण आपल्या ग्राहक सेवेने तिला 'किरकोळ गैरसोय' म्हटलंय, म्हणून सविस्तर लिहावं लागतंय.

आम्ही सहा मैत्रिणी, एकाच वर्गातल्या. चौघी नाशिकला, एक धुळ्याला, एक जळगावला. बावन्न-त्रेपन्न वयं. वर्षातून एकदा तीन दिवस घराबाहेर पडायचं असं ठरवलेलं आहे, आणि ते तीन दिवस जुळवणं म्हणजे कुणाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या बँकेचं ऑडिट आणि कुणाच्या मुलीची प्रॅक्टिकल यांच्यातून वाट काढणं. या वेळी इंदूर ठरलं ते राजवाड्याजवळच्या सराफ्यासाठी. आपल्याला माहीत नसेल तर सांगते, सराफा बाजारात दिवसा सोन्याचांदीची दुकानं असतात. रात्री त्यांची शटरं खाली आली की त्याच दुकानांपुढे खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. भुट्ट्याचा किस, खोपरा पॅटिस, हवेत उडवून झेललेला दहीवडा, ताटाएवढा जलेबा, आणि थंडीत गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद. जळगाववाली तर निव्वळ गराडूसाठी आली होती. म्हणजे आमची सहल रोज रात्री दहाला सुरू होणार होती.

म्हणून हॉटेल कुठे आहे याला सगळं महत्त्व. माझ्या नवऱ्याला हॉटेलचं नाव सांगितलं की तो पार्किंग आणि नाश्ता विचारतो. आम्ही विचारतो, रात्री साडेअकराला कुठून चालत यायचं?

हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे असली कामं आपोआप माझ्याकडे येतात. ग्रुपवर मागण्यांची यादी झाली. एकीचा गुडघा गेल्या वर्षी बदललाय, तिला लिफ्ट आणि कमोड हवा. एक घोरते, तिच्यासोबत झोपू शकणारी एकच आहे, तेव्हा खोल्या दोघी-दोघींच्याच. खाली परमिट रूम नको. रिसेप्शन रात्रभर उघडं हवं. तिन्ही खोल्या एकाच मजल्यावर. धुळेवालीची अट होती की सकाळी सहाला चहा मिळाला पाहिजे, नाहीतर ती कुणाशी बोलत नाही. (हे खरं आहे.)

मी पंधरा दिवस रोज रात्री तासभर बसून एकोणीस हॉटेलं पाहिली. आधी एक स्टारवाले अभिप्राय वाचायचे. त्यात 'वायफाय स्लो', 'बुफे साधा' असलं काही असेल तर पुढे जायचं; बाईने लिहिलेलं असेल तर ते दोनदा वाचायचं. विजयनगरची दोन हॉटेलं यापेक्षा चांगली होती, एकात तर खोलीही मोठी होती आणि दर रात्री तीनशे रुपये कमी. मी ती सोडली, कारण तिथून सराफा सात-आठ किलोमीटर. तीनशे रुपये जास्त देऊन मी आपल्याकडून ते चालत यायचं अंतर विकत घेतलं होतं. आपल्या उत्तरात 'खोली वर्णनाप्रमाणेच देण्यात आली' असं वाक्य आहे, म्हणून हे सांगितलं.

खात्री करून घ्यायला मला हॉटेलला फोन करायचा होता. पण बुकिंग झाल्याशिवाय आपण नंबर दाखवत नाही. चॅटवर विचारलं तर 'पानावरील माहिती अद्ययावत आहे' असं उत्तर आलं. त्याच वेळी पानावर लाल अक्षरांत 'या दरात फक्त १ खोली शिल्लक' आणि '१४ जण आत्ता हे हॉटेल पाहत आहेत'. मला तीन खोल्या हव्या होत्या. एक शिल्लक असताना तीन कशा मिळाल्या, हे गणित मी अजून सोडवू शकलेले नाही. आठवड्याने त्याच तारखा टाकून पाहिल्या तेव्हाही एकच शिल्लक होती आणि पाहणारेही चौदाच होते. दोन्ही स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

पैसे भरताना प्रत्येकी ५९ रुपयांच्या 'प्रवास सुरक्षे'वर आधीच टिक केलेली होती. सहा जणींचे ३५४ रुपये गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं. ६४९ रुपये सुविधा शुल्क तर शेवटच्या पानापर्यंत कुठेच दिसत नव्हतं.

एक चूक माझीही आहे. बुकिंगच्या कागदावर पत्ता म्हणून प्लॉट नंबर, 'मेन रोड' आणि पिनकोड एवढंच होतं, आणि त्यातला पिनकोड खरा होता. तो मी तपासून पाहायला हवा होता. मी नकाशावर विश्वास ठेवला.

गुरुवारी रात्री आम्ही नाशिकहून ट्रॅव्हल्सच्या बसने निघालो. धुळ्याला बायपासवर मध्यरात्री दोघी चढल्या, थर्मास आणि शेवेच्या भाजीच्या डब्यासकट. सकाळी इंदूरला उतरून, दोन रिक्षा करून, आपल्या पिनवर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. पिनच्या जागी एक चांदीचं दुकान होतं, बंद. त्याच्या ओट्यावर पोह्यांची गाडी. राजवाड्याच्या सात मजली दरवाज्यासमोर सहा बायका चाकाच्या बॅगा ओढत एका गल्लीतून आत आणि दुसरीतून बाहेर, असं अर्धा तास चाललं होतं. शेवटी पोहेवाल्याने विचारलं आणि नाव ऐकून हसला. "अरे दीदी, वो तो देवास नाके पे है. आप इस महीने के तीसरे हो." हे वाक्य मी मुद्दाम त्याच्या शब्दांत देतेय. आमच्या आधी निदान दोघांचं असंच झालं होतं. हॉटेलला फोन लावला तर तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, ऐप पे ऐसा ही दिखता है."

आपल्या हेल्पलाइनवर मी चाळीस मिनिटं होते. बुकिंग रद्द होईल पण पैसे परत मिळणार नाहीत, असं कळलं. शनिवार-रविवार असल्याने जवळपास एकदम तीन खोल्या कुठे मिळेनात, आणि गुडघेवाली ओट्यावर बसून होती. आम्ही देवास नाक्याला गेलो.

देवास नाका म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपन्या आणि गोदामं. मालाचे ट्रक रांगेने उभे. त्यात वाईट काही नाही, गावाला तेही लागतं. पण राजवाड्यासमोरचं हॉटेल म्हणून ते विकता येत नाही.

त्या रात्री आम्ही सराफ्यात गेलोच. अकरा वाजता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, कॉलेजच्या मुली, आमच्यापेक्षा म्हाताऱ्या आज्या. गराडू खाल्ला, शिकंजीही प्यायलो. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची असते, हे आम्हाला तिथे कळलं. त्या गर्दीत आम्हाला क्षणभरही भीती वाटली नाही. जागं, माणसांनी भरलेलं बाजारपेठेचं ठिकाण बाईला रात्री सगळ्यात सोयीचं, आणि आम्ही हॉटेल तिथेच शोधलं होतं ते यासाठी.

परतीला सहा जणींना दोन गाड्या लागल्या. आधी दोन चालकांनी देवास नाका ऐकून फेरी रद्द केली. मिळाल्या तेव्हा पाऊण वाजला होता, भाडं ८४५ रुपये. मधल्या रस्त्यावर महापालिकेची माणसं झाडत होती, तेवढीच सोबत. हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाला ट्रक आडवा लागला होता म्हणून दोन्ही गाड्या तिथेच थांबल्या. पुढचा पट्टा अंधारात, ट्रकच्या कडेकडेने, मोबाइलचे टॉर्च लावून. ट्रकखाली झोपलेल्या माणसांनी आम्हाला काहीही केलं नाही. एकाने तर कुत्र्याला हाकललं. पण सहापैकी एकही बोलत नव्हती. आम्ही एकत्र असताना असं कधी होत नाही.

आणि खोली. दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, तिसरी तळमजल्यावर. तळमजल्याच्या खोलीच्या आतल्या कडीचा कोंडा चौकटीतून निसटलेला, चारपैकी एक स्क्रू अर्धवट लोंबत होता. लॉक होतं, पण त्याची दुसरी चावी रिसेप्शनवर. मी आणि बँकवालीने दाराला टीपॉय लावला, टीपॉयला बॅगा लावल्या आणि सगळ्यात वर स्टीलचा डबा ठेवला, दार हललं तर पडून आवाज होईल म्हणून. पहाटे चारला तो आपोआप पडला. पुढचं झोपणं संपलं.

चेक-इनच्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलाने सहा आधार कार्डं पाहून विचारलं होतं, "साथ में कोई जेंट्स नहीं है?" त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. सकाळी त्यानेच स्क्रू ड्रायव्हर आणून कोंडा बसवून दिला, चादरी स्वच्छ होत्या आणि धुळेवालीला सहाला आल्याचा चहा मिळाला. हॉटेलबद्दल माझी तक्रार कडीपुरती आहे. बाकी सगळी आपल्याबद्दल आहे.

शनिवारी आम्ही दिवसा लालबाग पॅलेस, काच मंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहिल्या आणि रात्री आठलाच खोलीवर परतलो. ज्या सराफ्यासाठी चारशे किलोमीटर आलो, त्याची दुसरी रात्र आम्ही गोदामांच्या मध्ये उरलेला चिवडा खात काढली.

१५ डिसेंबरला तक्रार केली. १९ तारखेला उत्तर आलं : ठिकाणाची माहिती हॉटेलने दिलेली असते, आपण केवळ मध्यस्थ आहात, गैरसोयीबद्दल दिलगीर आहात, आणि सोबत ५०० रुपयांचं कूपन. पाच हजारांवरच्या पुढच्या बुकिंगला, तीस दिवसांत वापरायचं. ते काल संपलं. त्यानंतर मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' एवढंच आलं, खाली कुणाचंही नाव नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्याला ठळक द्यावा लागतो, अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार सोडवावी लागते. महिना १५ जानेवारीला झाला. खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं आणि शुल्क शेवटी उघड करणं, या तिन्ही गोष्टी नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ॲपवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहेत. मध्यस्थ म्हणाल, तर पिन आपल्या नकाशावर होती, 'चालत सात मिनिटं' आपल्या ॲपने मोजली होती आणि पैसे आपल्या खात्यात गेले होते.

माझी मागणी : एका रात्रीचं तिन्ही खोल्यांचं भाडं जीएसटीसह १०,७१० रुपये, दोन दिवसांच्या जादा गाड्यांचे २,९८० रुपये (पावत्या सोबत), प्रवास सुरक्षेचे ३५४ आणि सुविधा शुल्काचे ६४९, एकूण १४,६९३ रुपये, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. कूपन नको. दुसऱ्या रात्रीचं भाडं मी मागत नाही, कारण चहा खरोखर चांगला होता आणि झोपायला छप्पर मिळालं. आणि ती पिन देवास नाक्यावर नेऊन ठेवा.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपल्या अटींत परराज्यातलं न्यायालय लिहिलेलं आहे, ते मी वाचलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. एप्रिलअखेर माझे पेपर तपासून संपतात, त्यानंतर मला वेळच वेळ आहे.

आपली,
सहा जणींच्या वतीने,
(सही)

सोबत : बुकिंगची पावती, स्क्रीनशॉट, गाड्यांच्या पावत्या, राजवाड्यासमोरचा बॅगांसकट फोटो, कडीचा फोटो, आपली चार उत्तरं.

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी आज सकाळी ॲप उघडून पाहिलं. पिन अजून चांदीच्या दुकानावरच आहे. खोली एकच शिल्लक आहे आणि चौदा जण पाहत आहेत.