तिशीतले रक्त आणि मूळव्याध

महोदय,

शौचातून रक्त गेले की आपल्याकडे खान्देशात ‘शेवभाजी बाधली, मूळव्याध असेल’ म्हणून विषय मिटतो. रुग्ण तिशीतला असला तर हमखास! पण असे रक्त आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. अमेरिकेत तर १९५०च्या सुमारास जन्मलेल्यांपेक्षा १९९०च्या आसपास जन्मलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट, गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आढळला. एवढ्यात माणसाची जनुके बदलत नाहीत. लठ्ठपणा, बैठे काम, दारू यांवर संशय आहेच. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातील अभ्यासाने बालपणी आतड्यातल्या काही ई. कोलाय जिवाणूंनी सोडलेल्या कोलिबॅक्टिन या विषाकडे बोट दाखवले. अजून ते सिद्ध व्हायचे आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी जरूर खावी, पण रक्त दिसल्यास तपासणी टाळू नये. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांनी अशा तरुण रुग्णांची वेगळी नोंद ठेवावी.

– एक वाचक, अमळनेर