अण्णांचे कप्पे तसेच ठेवलेत, बाई

आदरणीय बाई,
सा. न.

परवा अण्णांच्या पुस्तकांच्या नोंदवहीची शेवटची ओळ लिहून तुम्ही चष्मा उतरवलात आणि नुसतं 'झालं गं' म्हणालात. मला तेव्हा बोलवेना. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं, तेव्हा अण्णांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. खालचे दोन कप्पे भिजले. पाऊस उघडल्यावर मी पुस्तकं उन्हात पसरायला निघाले, तर तुम्ही अडवलंत. उन्हात पुठ्ठे वाकतात, आणि चित्रांची गुळगुळीत पानं वाळताना एकमेकांना जी चिकटतात ती पुन्हा सुटत नाहीत. ओली असतानाच ती पानं एकेक सोडवून तुम्ही मध्ये कोरा कागद घातलात. माशांची कितीतरी चित्रं त्यामुळेच वाचली.

खरे आभार मात्र पुढच्या कामाचे. अण्णांचे चार कप्पे होते: अंगण, रान, नदी, दर्या. जो प्राणी जिथे भेटतो, तिथे त्याचं पुस्तक. प्रेटर यांचं 'द बुक ऑफ इंडियन ॲनिमल्स' रानात. सलीम अली यांचं १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' मात्र अंगणात, कारण ते खिडकीशी उभं राहून बघायचं पुस्तक. ग्रंथालयांत विषयवार आकडे, म्हणजे वर्गांक, देतात त्या ड्युई पद्धतीने पक्षी ५९८, सस्तन प्राणी ५९९, साप ५९७.९६ मध्ये जातात. मला वाटलं, आता सगळं मोडून नव्याने लागणार. तुम्ही वर्गांक लिहिलेत, पण शेजारी आणखी एक रकाना आखलात: 'अण्णांचा कप्पा'. पुस्तकं जागची हलली नाहीत. कण्यावर चिकटपट्टीही लावू दिली नाहीत. वर्गांक आतल्या पानावर, पेन्सिलीने.

आणि शेऱ्याचा रकाना! भारद्वाजाच्या पानावर अण्णांनी कुकुडकोंबा, कुंभारकावळा, सोनकावळा अशी नावं लिहिली होती, प्रत्येकापुढे ते कुणाकडून ऐकलं ते गाव. ते सगळं तुम्ही उतरवून घेतलंत. 'ही नावं छापील पुस्तकात नाहीत, म्हणून आधी ती,' म्हणालात. एसटीची जुनी तिकिटंही फेकली नाहीत. तारखेसकट पाकिटात घालून त्या-त्या पुस्तकात ठेवलीत.

सलीम अली आणि रिप्ली यांच्या पक्ष्यांवरच्या दहा खंडांतला चौथा नाही, हे यादी झाली तेव्हाच कळलं. तो अण्णांच्या एका विद्यार्थ्याकडे सुखरूप होता. परत आणून देताना तो बराच वेळ अंगणाच्या कप्प्यासमोर उभा होता.

गेल्या रविवारी कॉलेजातल्या दोन मुली ओढ्यातल्या खेकड्यांबद्दल विचारत आल्या. मी नोंदवही उघडली, नदीच्या कप्प्यात हात घातला, पुस्तक हाती आलं. अण्णा असताना असंच व्हायचं.

पावसाळ्याआधी कडुलिंबाचा पाला बदलायचा आहे. याल ना?

तुमची,
अण्णांची धाकटी